टॅक्टिक्स: पहिला अध्याय खेळा आणि झोपा म्हणे!

तिरपा_धनुर्धर (धागाकर्ता)
परवा 'खरं_बोलू_का' यांनी फायनल फँटसी टॅक्टिक्स या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्तीवर चार परिच्छेद लिहिले. सार असं: पहिला अध्याय सोन्याचा, पुढचे तीन म्हणजे शिंगं लावलेल्या राक्षसांचा तमाशा. तेव्हा नायक रॅम्झाचा मित्र डेलिटा, त्याची बहीण टिएट्रा मेली की कन्सोल बंद करा आणि झोपा. ज्यांना शेवट आवडतो ते लहानपणीच्या आठवणींवर जगतात. वर कबुली, की 'ऑर्लांडो मिळाल्यावर मी सोडला' (ऑर्लांडो म्हणजे उशिरा आपल्या बाजूला येणारा म्हातारा योद्धा). म्हणजे मठ्ठा यायच्या आधी पंगतीतून उठायचं आणि जेवण अळणी होतं म्हणून गावभर सांगायचं.

तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा. पुढे सगळं फोडणार आहे. १९९७चा गेम आहे, तक्रार चालणार नाही.

राक्षसांमुळे माणसांचं राजकारण वाया गेलं, हा जुना आरोप आहे. मला सांगा, राक्षस यायच्या आधी काय शिल्लक राहिलं होतं? पन्नास वर्षांचं युद्ध हरलेलं. लढलेल्या साध्या शिपायांना पगार न देता हाकललेलं, म्हणून विग्राफ या बंडखोराची टोळी उभी राहिली. झिएकडेन किल्ल्यावर रॅम्झाचा भाऊ झालबाग हुकूम देतो आणि आर्गथ टिएट्रावर बाण सोडतो, तेव्हा कुणाच्या खिशात माणसाचा राक्षस करणारा झोडियाकचा दगड होता? रॅम्झाचा थोरला भाऊ डायसडार्ग स्वतःच्या बापाला हळूहळू विष घालून मारतो, तेही दगड हातात यायच्या कितीतरी आधी. दगड कुणाला वाईट करत नाही. तो वाट बघत बसतो. विग्राफ मरायला टेकतो, अजून जगायचंय म्हणून तळमळतो, तेव्हा दगड त्याला हाक देतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: गादीवर बसतो कोण? डेलिटा. त्याला शिंगं फुटत नाहीत, पंख फुटत नाहीत. तो सगळं माणूस राहूनच करतो. दोन्ही ड्यूक, चर्च, मित्र, बायको, सगळे वापरतो. राक्षस मरतात. डेलिटा राजा होतो. हे ज्याला राक्षसांचा तमाशा वाटलं त्याने शेवटचं दृश्य पाहिलेलंच नाही. म्हणजे खरंच पाहिलेलं नाही, तसं त्याने लिहूनच दिलंय.

खरं_बोलू_का
माझ्यावर अख्खा धागा! सत्काराबद्दल आभारी आहे. शेवट मी पाहिलाय. सोडला तो नव्या आवृत्तीत. २००७ची पीएसपीवाली (हातात धरायच्या कन्सोलवरची) पूर्ण केली होती, जादू टाकली की गेम रांगायला लागायचा त्या काळात. त्यामुळे तुमचा मठ्ठा मी प्यालोय, आंबट होता.

तुम्ही डेलिटा डेलिटा करताय. त्याचं राजकारण आपण खेळतो कुठे? मधूनमधून दृश्य येतं, डेलिटाने अमक्याला मारलं, तमक्याला फसवलं, पुढे चला. आपण तोवर कुठल्यातरी तळघरात कवट्यांशी मारामारी करतोय. लार्ग आणि गोल्टाना हे दोन ड्यूक एवढं मोठं युद्ध करतात आणि त्याचा निकाल आपल्याला जवळपास पाठीमागून ऐकू येतो. शेवटची लढाई कुणाशी? अल्टिमा राक्षसिणीशी. तिचा इव्हालिस राज्याच्या शेतसाऱ्याशी काय संबंध?

आणि विग्राफचं तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. पवनचक्कीपाशी तो रॅम्झाला जे विचारतो, की तुम्ही खानदानी लोक आमच्या जिवावर जगता, त्याला रॅम्झाकडे उत्तर नव्हतं. लेखकाकडेही नव्हतं. मग काय केलं? त्याला बोकडाच्या रूपातला राक्षस केला. आता उत्तर द्यायची गरजच नाही, शिंगं आहेत, मारा. याला मी पळवाट म्हणतो.

मेमरीकार्ड_१५
विग्राफचं नाव काढू नका हो. माझी दहावीची सुट्टी त्याने खाल्ली.

चिप मारलेलं प्लेस्टेशन, मामेभावाचं. गेम सेव्ह करायच्या मेमरी कार्डात १५ खाने, त्यातले १४ त्याच्या फुटबॉल आणि गाड्यांचे. मला एक. रिओव्हानेस किल्ल्याच्या दारावरची लढाई जिंकलो, गेमने विचारलं सेव्ह करायचं का, मी शहाण्यासारखं हो म्हटलं. पुढचा सीन विग्राफ, एकटा रॅम्झा. माझा रॅम्झा तेव्हा काळा जादूगार. मंत्र म्हणेपर्यंत तलवार पोटात. बाहेर पडून चार लढाया मारून यावं तर बाहेरचा रस्ता बंद, कारण सेव्ह आतला. अकरा दिवस रोज दुपारी तेच. शेवटी पहिल्यापासून चालू केला.

दुसऱ्या वेळी कुणीतरी सांगितलं की स्क्वायर या भूमिकेचं वेग वाढवणारं कौशल्य घे आणि त्याच्यापासून लांब पळत पळत नुसतं तेच ओरडत राहा. पळालो. खांबाच्या मागे, पायऱ्यांवर, पुन्हा खांबाच्या मागे. एवढा वेग वाढला की त्याची एक पाळी येईतो माझ्या तीन. मग ठोकला. मग तो बोकड झाला आणि तीन सेवकांना घेऊन आला. मग तोही ठोकला. मग गच्चीवर जिला वाचवायचं ती राफा स्वतःच्या पायांनी चालत त्या दोन मारेकरणींच्या पुढ्यात गेली आणि पहिल्याच फेरीत मेली. गेम ओव्हर. मी रिमोट फेकला, तो आजीला लागला.

त्यामुळे कथा बिथा ठीक आहे, पण हे असं रचणाऱ्याला मी माफ केलेलं नाही.

तिरपा_धनुर्धर
@मेमरीकार्ड_१५ आजी बऱ्या आहेत ना? नव्यात आपोआप सेव्ह होतं. आणि स्क्वायर नावाची सोपी पातळी पण आहे.

@खरं_बोलू_का बोकडाचा मुद्दा... बरं, बिनतोड नाही, पण बरा आहे. माझं म्हणणं, विग्राफ दगड घेतो तेव्हा तो हरतो, आणि ते आपल्याला टोचावं म्हणूनच तसं लिहिलंय. ज्याचं म्हणणं खरं होतं तोच विकला गेला. तुम्हाला ते पळवाट वाटतं, मला ते पोटात मुरडा आणणारं वाटतं.

खरं_बोलू_का
'बरा आहे.' लिहून ठेवतो, फ्रेम करतो.

काळी_तलवार
सगळे कथेवर बोलताय, त्यापेक्षा हे सांगा की नव्या आवृत्तीत डार्क नाइट ही भूमिका का नाही? ओनियन नाइट नाही, पाहुणं पात्र बाल्थियर नाही. पीएसपीवर होतं ते सगळं काढलं आणि पूर्ण किंमत घेतली. मॅन्डालिया मैदानावर आपल्याच माणसांना दगड मारमारून जॉब पॉइंट गोळा केले होते मी त्या डार्क नाइटसाठी. पात्रांना आवाज दिलेत म्हणे. मला आवाज नको, तलवार द्या.

अर्धा_चहा
आवाज मला हवे होते. कारण सांगतो, थोडं मोठं आहे.

मी मराठी माध्यमाचा. सातवीत असताना हा गेम हातात आला. सुरुवातीला शिकवणीचा एक म्हातारा मास्तर असतो, डॅराव्हन, तो गेम कसा खेळायचा ते समजावतो. मला त्याचं एक वाक्य कळेना. डिक्शनरी घेऊन बसलो. शब्द कळायचे, वाक्य नाही. मी मनात धरलं की आपलं इंग्रजी कच्चं. खरंच तसं धरलं, वर्गात हात वर करणं बंद केलं. कॉलेजात गेल्यावर कळलं की ते भाषांतरच भिकार होतं, अमेरिकेतली पोरंसुद्धा त्याला हसायची! त्या मास्तराचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं.

मग पीएसपीला नवं भाषांतर आलं, म्हटलं आता समजेल. तर सगळे शेक्सपिअरच्या नाटकातल्यासारखे बोलायला लागले. पुन्हा डिक्शनरी. डेलिटाने शेवटी नक्की काय केलं, राजकन्या ओवेलियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, खंजीर कुणाला मारला, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं मी डेलिटाला हीरो समजत होतो. नव्यात माणसं बोलतात, आवाजावरून कळतं कोण खोटं बोलतंय. ओवेलियाच्या आवाजात सुरुवातीपासून भीती आहे, ते वाचून मला कधी कळलं नव्हतं.

हे मराठीत का नसावं?

चिमणाबाई
मराठीत असता तर बखरीच्या भाषेत हवा. 'ड्यूक लार्ग यांणी लष्कर जमा करून कूच केले.' गेमची चौकटसुद्धा तीच आहे. अराझ्लाम नावाचा इतिहासकार जुने कागद काढून सांगतोय की पुस्तकांत डेलिटा थोर आणि रॅम्झा पाखंडी म्हणून लिहिलाय, पण खरं वेगळं आहे. कागद लिहिणाऱ्या ओरानला चर्चने जिवंत जाळलं. आपल्याकडे बखर वाचताना हेच तर करायचं असतं, कोणी लिहिली, कोणाच्या पदरी होता.

घाटावरचा
+१. सरदारांना बखरीची मराठी, चर्चवाल्यांना संस्कृतप्रचुर, आणि डेलिटा, टिएट्रा वगैरे शेतकऱ्यांची पोरं आहेत तर त्यांना गावरान. वऱ्हाडी वगैरे. फरक लगेच कळेल.

वऱ्हाडी_ठेचा
आली का गाडी रुळावर! शेतकरी म्हटला की वऱ्हाडी, नोकर म्हटला की मालवणी, गुंड म्हटला की कोल्हापुरी. आणि राजपुत्र कुठला बोलणार? सदाशिव पेठेतली. काहून बा, आमच्या बोलीत कोणी सरदार झालाच नाही का? नागपूरला भोसल्यांची गादी होती, ते काय पुण्याहून बोलणं मागवत होते?

घाटावरचा
अहो, मी कौतुकाने म्हटलं. बोलीत गोडवा असतो.

वऱ्हाडी_ठेचा
हा 'गोडवा'च नको. तीस वर्षं झाली गोडवा ऐकतोय. पुण्यात होस्टेलला होतो तेव्हा मेसमध्ये मी 'मले भाजी दे' म्हटलं की चार टेबलं हसायची. मग म्हणायचे, परत बोल ना, गोड वाटतं. दोन महिन्यांत मी 'मला' म्हणायला लागलो. घरी फोनवर आईलाही तेच निघालं तोंडातून. आई गप्प झाली थोडा वेळ. तुमच्या गोडव्याची किंमत ही.

घाटावरचा
एका गेमच्या धाग्यावर एवढं? मी तुमच्या मेसमध्ये नव्हतो. उगाच जखमा उघडून दाखवायची सवय आहे काही लोकांना.

चिमणाबाई
घाटावरचा, आता तुम्ही आर्गथसारखे बोलताय.

घाटावरचा
कोण आर्गथ? मी हा गेम खेळलेलो नाही, भाषेचा विषय दिसला म्हणून आलो.

काळी_तलवार
😂😂 धागा संपला. डार्क नाइटचं कुणी बोलेल का आता?

चिमणाबाई
खेळला नाहीत म्हणून सांगते. आर्गथ म्हणजे पडत्या घराण्यातला सरदारपुत्र. खिशात दमडी नाही, पण डेलिटाला तोंडावर सांगतो की तुझी जात आमच्यात बसायची नाही. टिएट्राला सरदारांच्या शाळेत मुली टोमणे मारतात, ते ती भावाला सांगतही नाही. पुढे तिला सरदारकन्या समजून उचलून नेतात, ती आपली नाही म्हटल्यावर सोडवायलाही कोणी बसत नाही. वऱ्हाडी_ठेचा यांनी मेसचं लिहिलं ते धाग्याच्या बाहेरचं नाही. पहिला अध्याय तोच आहे.

घाटावरचा
बरं. 'गोडवा' शब्द मागे घेतो. बखरीची मराठी मात्र हवीच.

वऱ्हाडी_ठेचा
घेतला म्हणून उपकार झाले. बखरीला माझी ना नाही. रॅम्झाला वऱ्हाडी द्या आणि आर्गथला पुणेरी. मग मी विकत घेतो, दोन प्रती.

खरं_बोलू_का
बघा, गंमत बघा. वीसेक प्रतिसादांचा ऐवज झाला, त्यात भांडण कशावरून पेटलं? आर्गथ, टिएट्रा, कोणाची भाषा, कोणाची जात. सगळं पहिल्या अध्यायातलं. अल्टिमावरून कुणाचं डोकं फिरलं? कुणाचंच नाही. माझं म्हणणं सिद्ध करून दिल्याबद्दल मंडळींचे आभार.

तिरपा_धनुर्धर
हे मात्र लागलं. 😑

पण मग तुम्ही पण एक द्या. पहिला अध्याय टोचतो कारण डेलिटा पुढे काय करणार ते आपल्याला कळतं. टिएट्रा मेल्यावर बंद केला असता तर तो बिचारा भाऊ राहिला असता. चौथ्याच्या शेवटी ओवेलिया त्याला खंजीर मारते आणि तो तिला उलटा मारतो. बहीण गेली म्हणून जो पेटला, त्याने दुसऱ्या तशाच मुलीला वापरून घेतलं. हे दुसरं टोक नसेल तर पहिलं अर्धं आहे.

खरं_बोलू_का
खंजिराचं दृश्य चांगलं आहे, ते मी कधीच नाकारलं नाही. माझी तक्रार त्याच्या आधीच्या तळघरांवर आहे. पाच मिनिटांच्या दृश्यासाठी पंधरा तास कवट्या. आणि ऑर्लांडो आला की लढाई तरी कुठे उरते? एक्सकॅलिबर तलवार घेऊन म्हातारा एकटा सगळं साफ करतो, बाकीचे चार जण टाळ वाजवायला.

अर्धा_चहा
ऑर्लांडोला बाकावर बसवा ना. मी ॲग्रियासला घेऊन संपवला.

खरं_बोलू_का
मिळालेला माणूस बाकावर का बसवू? ...बरं. जिथे सोडला होता तिथूनच उघडतो शनिवारी. म्हाताऱ्याला घरी ठेवून, मधल्या पातळीवर. कवट्या मोजणार आहे, आकडा इथे टाकतो.

मेमरीकार्ड_१५
दोन वेगवेगळ्या खान्यांत सेव्ह करा. आपोआपच्या भरवशावर राहू नका.