जर्मन कम्युनिस्ट कामगार पक्ष : लेनिन यांच्याशी मतभेद आणि कामगारांतील आधार

प्रश्न :
१९२० मध्ये जर्मन कम्युनिस्ट पक्षातून फुटलेल्या गटाने कम्युनिस्ट कामगार पक्ष स्थापन केला, एवढे वाचले आहे. लेनिन यांच्याशी त्यांचे नेमके कोठे बिनसले आणि कामगारांत त्यांचा आधार किती टिकला, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १ :
फुटला म्हणण्यापेक्षा त्या गटाला बाहेर काढले, असे म्हणणे रास्त ठरेल. ऑक्टोबर १९१९ च्या हायडेलबर्ग अधिवेशनात जर्मन कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाउल लेवी यांनी संसदीय निवडणुका आणि प्रस्थापित कामगार संघटना यांत सहभागी होण्याचा आग्रह धरला. तो अमान्य असलेल्यांना बाहेर काढले गेले आणि त्यांनी एप्रिल १९२० मध्ये बर्लिन येथे नवा पक्ष काढला. ज्या संघटनांनी महायुद्धात सरकारशी सहकार्य केले, त्यांच्यात राहून क्रांती होणार नाही, त्यासाठी कारखान्यातूनच उभ्या राहणाऱ्या संघटना हव्यात, असा त्यांचा युक्तिवाद होता. लेनिन यांनी त्याच वर्षी या भूमिकेवर कठोर टीका केली, तेव्हा या गटाची बाजू घेणारे हॉलंडचे मार्क्सवादी हेर्मान गोर्टर यांनी खुल्या पत्रातून उत्तर दिले की, रशियात कामगाराला गरीब शेतकऱ्याची साथ मिळाली, पश्चिम युरोपात मात्र तो एकटा आहे. माझ्या मते वादाचा गाभा हाच आहे; निवडणुकांचा मुद्दा त्यामानाने दुय्यम.

प्रतिसाद २ :
आधार फार टिकला नाही. मार्च १९२१ चा कम्युनिस्ट उठाव, ज्यात मध्य जर्मनीतील लॉयनाच्या रसायन कारखान्यातील कामगार उतरले होते, चिरडला गेला. त्याच वर्षी तिसऱ्या इंटरनॅशनलशी, म्हणजे मॉस्कोच्या नेतृत्वाखालील जागतिक कम्युनिस्ट संघटनेशी, पक्षाचे संबंध तुटले आणि १९२२ मध्ये पक्षाचे बर्लिन व एसेन असे दोन गट पडले.

प्रतिसाद ३ :
कामगारांना पक्षच नको म्हणणारे या पक्षातील ओटो र्‍यूले यांना तर पक्षाने १९२० मध्येच काढले होते!