प्रत्येक केंद्राचा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी पावसाचा दिवस कसा काढायचा?

गिरगावकर: मंडळी, मायएसक्यूएल 8 डेटाबेसवर एक टेबल आहे, केंद्र, तारीख, पाऊस असे कॉलम, मुंबईतली कुलाबा आणि सांताक्रूझ ही पर्जन्यमापन केंद्रं, 2001 पासूनचे पावसाळे. प्रत्येक केंद्राची सगळ्यात जास्त पावसाची अख्खी रो पाहिजे, तारखेसकट, आणि सगळ्यात कमीची पण. ग्रुप बाय केंद्र करून मॅक्स घेतलं की आकडा बरोबर येतो पण सिलेक्टमध्ये तारीख टाकली की ओन्ली फुल ग्रुप बाय चा एरर. ऑफिसमधला एक जण म्हणतो तो मोडच बंद कर. करू का?

दादरचा_डेव्हलपर: अजिबात नको रे बाबा. 5.7 पासून तो मोड डिफॉल्टच चालू असतो, बंद केलास तर एरर जाईल पण तारीख त्या ग्रुपमधल्या कुठल्याही रोची येईल, म्हणजे सांताक्रूझचे 2005 चे 944 मिमी एखाद्या सप्टेंबरच्या कोरड्या दिवसासमोर छापून येतील आणि कोणाला पत्ता पण लागणार नाही. विंडो फंक्शन वापर, ते रो एकत्र न करता ग्रुपमध्ये प्रत्येक रोला क्रमांक देतं. आतल्या सबक्वेरीत रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय केंद्र ऑर्डर बाय पाऊस डेस्क, म्हणजे डिसेंडिंग, उतरता क्रम), तसाच दुसरा असेंडिंग, म्हणजे चढता, दोघांना नावं दे आणि बाहेर व्हेअर मध्ये पहिला 1 किंवा दुसरा 1. सबक्वेरी लागतेच, विंडो फंक्शन थेट व्हेअरमध्ये चालत नाही.

बाय द वे ती 944 ची रो 26 ऐवजी 27 जुलैची दिसली तर घाबरू नकोस, वेधशाळेची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांची असते. त्याच 24 तासांत कुलाब्याला जेमतेम 73-74 मिमी, त्यामुळे पार्टिशन विसरलास तर जास्तवाल्या रिझल्टमधून कुलाबा गायबच!

ठाण्याची_डीबीए: जास्तवाल्याला रो नंबर ठीक आहे हो, पण कमीचं काय? पावसाळ्यात पण 0 मिमीचे दिवस ढीगभर असतात, रो नंबर त्यातला कुठला तरी एकच उचलणार, आणि परत क्वेरी चालवली तर दुसरा पण येऊ शकतो. सगळे हवेत तर रँक() घ्या, तो सारख्या आकड्यांना एकच क्रमांक देतो, एकच हवा तर ऑर्डर बाय मध्ये पुढे तारीख पण टाका. आणि कोरडे दिवस मोजायचेच नसतील तर आत पाऊस > 0, ते तुमच्या साहेबांना विचारा, आम्ही काय सांगणार.

गिरगावकर: रँकने जास्तवाला बरोबर आला ताई, पण कमीमध्ये कुलाब्याला सगळ्या रो नल, म्हणजे पावसाचा आकडाच नसलेल्या, येतायत??

ठाण्याची_डीबीए: यंत्र बंद होतं ते दिवस असणार. मिन() नलकडे बघत नाही पण ऑर्डर बाय बघतो, मायएसक्यूएल असेंडिंगमध्ये नल सगळ्यात आधी लावतं. आत पाऊस इज नॉट नल टाका. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेलंत तर उलटं, तिथे डिसेंडिंगला नल वर येतात, म्हणजे जास्तवाला बोंबलेल.

दादरचा_डेव्हलपर: +1. आणि टेबल मोठं असेल तर केंद्र, पाऊस असा एकत्र इंडेक्स टाकून मिन-मॅक्सच्या ग्रुप बाय ला मूळ टेबल जॉइन करून बघ, सारखे आकडे असले तर सगळ्या रो त्यात आपोआप येतात, आणि 5.7 वर विंडो फंक्शन नाहीत तिथे पण चालतं.