मदत हवी आहे: शुक्रमूळपेशी रक्तवाहिनीशेजारी बसूनही ग्लायकोलिसिसवर का भागवतात?

घणसोलीची_मुलगी:
नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंगळवारी सेमिनार आहे. विषय हौसेने मागून घेतला आणि आता अडकलेय.

मला कळलेलं असं: ग्लायकोलिसिस म्हणजे ऑक्सिजन न वापरता ग्लुकोज अर्धवट फोडून ऊर्जा मिळवणं. वृषणातल्या शुक्रजनक नलिकांच्या कडेला, आधारपटलाला चिकटून शुक्राणू घडवणाऱ्या मूळपेशी बसतात. उंदरात दहा हजार जननपेशींमागे जेमतेम तीन. शेजारच्या सर्टोली पेशी (जननपेशींना पोसणाऱ्या) जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते पुरेसं मिळालं की मूळपेशी स्वतःसारख्याच पेशी करत राहतात, कमी पडलं की शुक्राणू व्हायच्या वाटेला लागतात. इथवर ठीक.

चौदाव्या स्लाइडवर मी लिहिलं, 'मूळपेशींना ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून त्या ग्लायकोलिसिसवर जगतात.' सरांनी काही न बोलता लॅबमधली उंदराच्या वृषणाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गुलाबी-जांभळी वर्तुळं, आणि तीन वर्तुळांच्या मधल्या फटीत लाल ठिपक्यांनी भरलेली बारीक रक्तवाहिनी. मूळपेशी नेमकी कोणती ते त्या रंगात ओळखू येत नाही, पण असते ती भिंतीलगतच्या रांगेत, म्हणजे रक्ताला सगळ्यात जवळ. नलिकेच्या आत रक्तवाहिनी एकही नाही. "मग टंचाई कुणाला?" सर म्हणाले. उलट आतल्या पेशी सर्टोलीने दिलेलं लॅक्टेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऑक्सिजनवर चालणाऱ्या ऊर्जाघरात, जाळतात. तिथे एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळत असताना ग्लायकोलिसिसच्या २ वर समाधान मानायचं, हा काय हिशेब?

माझा प्रश्न: जनुकं सांगतात म्हणून पेशी अशी जगते, की अशी जगते म्हणून ती जनुकं चालू राहतात?

(कालच्या ठाणे लोकलमध्ये मैत्रिणीसमोर सराव केला. 'वृषण' तिसऱ्यांदा कानावर आल्यावर समोरच्या काकू पिशवी उचलून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.)

सहज_विचारतो:
मांडीवर लॅपटॉप ठेवला तर काउंट कमी होतो म्हणतात, ते यातच येतं का?

जुना_लॅबवाला:
@सहज_विचारतो, त्यासाठी वेगळा धागा काढा, आणि काळजी वाटत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या.

ताई, सरांचं बरोबर आहे. २००७ मध्ये एका जपानी गटाने उंदरात दाखवलं की अविभेदित (अजून शुक्राणू व्हायच्या वाटेला न लागलेल्या) पेशी रक्तवाहिन्यांच्या आसपासच जास्त असतात. तेव्हा टंचाईचा मुद्दा काढून टाका.

तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही दिशा खऱ्या आहेत. आधी जनुकांकडून: मिक आणि मिक-एन ही जनुकं ग्लायकोलिसिस वर ठेवतात. २०१६ च्या एका कामात ती काढल्यावर ग्लायकोलिसिस उतरलं आणि मूळपेशींचं स्वतःला टिकवणंही. आता उलट बाजू: ज्या जातीच्या उंदरांच्या मूळपेशी डिशमध्ये वाढतच नव्हत्या, त्यांना ग्लायकोलिसिस वाढवणारं रसायन दिल्यावर त्या वाढल्या. म्हणजे चयापचय नुसतं मागोमाग फरफटत येत नाही. डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ते हिस्टोन; त्यांवर चढणाऱ्या रासायनिक गटांवर जनुकं चालू-बंद होणं अवलंबून असतं. कोणत्याही पेशीत हिस्टोनवर चढणारा अॅसिटिल गट अॅसिटिल-कोए या रेणूमधून येतो, मिथाइल गट सॅम नावाच्या रेणूतून. दोन्ही चयापचयाच्याच भट्टीतले.

एटीपीच्या हिशेबाचं म्हणाल, तर ग्लायकोलिसिसच्या वाटेवर नवी पेशी बांधायचा कच्चा मालही मिळतो. मायटोकॉन्ड्रिया कमी चालवले की ऑक्सिजनचे उपद्रवी रेणूही कमी होतात. पण 'शून्य झाले तर उत्तम' असं चुकूनही लिहू नका. थोडे लागतात, ते पार काढले की उंदराच्या मूळपेशींचं स्वनूतनीकरण मंदावतं.

एक उदाहरण नक्की घ्या. जीवनसत्त्व 'अ' तोडलेल्या उंदरांत जननपेशी अविभेदित टप्प्यावर अडकून राहतात. ते परत दिलं की त्यापासून रेटिनोइक आम्ल बनतं, स्ट्रा-८ जनुक चालू होतं आणि सगळ्या पेशी एकदम पुढे निघतात. खाण्यातला रेणू जनुकाला हात घालतो, हे याहून सोपं दाखवता येणार नाही.

घणसोलीची_मुलगी:
खूप आभार दादा! चौदावी स्लाइड उडवली, तिथे जीवनसत्त्व 'अ' वालं उदाहरण टाकतेय. एकच शंका: रसायन देऊन वाढवलेल्या त्या पेशी परत वृषणात सोडल्यावर शुक्राणू देतात का? सर हे विचारणारच.

जुना_लॅबवाला:
विचारतीलच. मूळपेशी म्हणायची खरी परीक्षा तीच, १९९४ पासून. तो पेपर घरच्या संगणकात आहे, रात्री उघडून बघतो आणि इथेच लिहितो.