मदत हवी आहे: टेस्कोची सामाजिक जबाबदारी कशी मोजायची?

नमस्कार मंडळी,

मी ब्रिटनमधल्या लीड्समध्ये एमबीए करतेय. प्रबंधासाठी टेस्को ही इथली सुपरमार्केट साखळी घेतली आहे आणि एका जागी अडकले आहे.

पुण्यात शिकताना सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्यातली, मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करण्याची अट, एवढंच डोक्यात बसलं होतं. इथे तशी सक्ती नाही. टेस्को उरलेलं अन्न फेअरशेअर या धर्मादाय संस्थेमार्फत इतर संस्थांना देते. ते काम मला मनापासून मोलाचं वाटतं. पण जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या स्वस्त बीफ बर्गरच्या एका नमुन्यात २९ टक्के घोड्याचं मांस सापडलं. २०१४ मध्ये नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून सांगितल्याचं उघड झालं. २०१६ मध्ये तर पुरवठादारांचे पैसे मुद्दाम उशिरा दिल्याचा ठपका किराणा क्षेत्राच्या नियामकाने ठेवला. आल्डी आणि लिडल या प्रतिस्पर्धी साखळ्या स्वस्तात विकत असल्यामुळे दबाव होता, हे मान्य. पण तो भार भाजी पिकवणाऱ्याने का सोसावा? माझ्या मते वेळेवर पैसे देणं हीच पहिली सामाजिक जबाबदारी. मार्गदर्शक मात्र म्हणतात, हा विषय खरेदी विभागाचा, सीएसआरचा नाही.

तुमच्यापैकी कुणी इथल्या किंवा भारतातल्या मोठ्या साखळीला माल पुरवला आहे का? बिलाचे पैसे किती दिवसांनी येतात, कपात कशाकशाची होते? आणि दुकानात काम केलेल्यांनी सांगा, रात्री उरलेला पाव, भाजी प्रत्यक्षात कुठे जाते? नाव न देता लिहिलंत तरी चालेल.