मालगाड्या बघायला निवांत स्टेशन कुठलं? (नाशिकरोड ते मनमाड)

ओझरची_आई
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. वंदे भारतकडे ढुंकून बघत नाही, पण मालगाडी आली की वाघिणी (मालाचे डबे) मोजत उभा राहतो. नाताळच्या सुट्टीत त्याला अख्खी दुपार मालगाड्या दाखवायच्या आहेत. नाशिकरोडला फार गर्दी. मनमाडला नेऊ का? आणि मोजण्यापलीकडे त्याला काय दाखवता येईल?

निवृत्त_गार्ड
ताई, मनमाड नको. तिथं एका वेळी इतकं चाललेलं असतं की पोराला धड काहीच बघायला मिळत नाही. निफाड किंवा लासलगावला जा, प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि बाकड्यावर बसा. मेल-एक्सप्रेसला वाट द्यायला मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतात, ती निवांत बघता येते. या दिवसांत दुपारचं ऊन अंगावर घ्यायला बरं वाटतं. मे महिन्यात त्याच बाकड्यावर टेकवत नाही.

लूपवरून गाडी सुटताना त्याला डोळे मिटून ऐकायला सांगा. सिग्नल मिळाला तरी गाडी लगेच हलत नाही. इंजिनातून ब्रेक पाईपमध्ये हवा भरावी लागते, 5 किलोचा दाब. मग एकेका वाघिणीचा ब्रेक सुटतो, फुस्स... फुस्स... असा आवाज मागं सरकत जातो. इंजिनानं ओढ घेतली की वाघिणी जोडणारी कपलिंगं ताणतात आणि खणखणाट शेवटपर्यंत पळतो. कोळशाच्या रेकला (अख्ख्या गाडीला) 58-59 वाघिणी, लांबी सहाशे मीटरच्या वर. नोकरीभर मी शेवटच्या डब्यात बसून तो धक्का येताना ऐकला, अजूनही कान तिकडंच जातो.

आता नंबर. प्रत्येक वाघिणीवर 11 आकडी नंबर असतो. त्यातला पाचवा-सहावा आकडा म्हणजे बांधणीचं साल. 14 असेल तर 2014. त्याच्यापेक्षा वयानं लहान वाघीण शोधायला लावा, दुपार पुरायची नाही.

वरून उघडी वाघीण बहुतेक कोळशाची. बंद दारांच्या वाघिणींत धान्य, खत, सिमेंट. गोल टाक्या पेट्रोल-डिझेलच्या, मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे डेपो आहेत. भरलेलीच्या स्प्रिंगा दबलेल्या दिसतात, रिकामी नुसती खडखडत जाते.

आणि गार्डाला हात करायला सांगा. आता पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय, माणूस तोच. स्टेशनातून जाताना एका हातात हिरवा झेंडा असतो, दुसरा मोकळा असतो. तासन्‌तास एकटा बसलेल्या माणसाला पोरानं हात केला की फार बरं वाटतं.

प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या पट्ट्याच्या आतच राहा. जवळची रूळ ओलांडणारी वाट कुणी दाखवली तरी जाऊ नका, पुलावरूनच जा.

माणगावकर
कोकणात कधी आलात तर कोलाडला थांबा. 1999 पासून रो-रो चालते. भरलेले ट्रक ओळीनं सपाट वाघिणींवर चढतात आणि ड्रायव्हर-क्लीनरसकट गोव्याकडं वेर्ण्याला जातात. माझ्या पुतणीला ट्रक चढताना बघायला गाडी सुटण्यापेक्षा जास्त आवडलं.

ओझरची_आई
काका, खूप आभार. वहीत रकाने आखून झाले: नंबर, साल, भरलेली की रिकामी. लासलगावला मालधक्क्यावर कांदा भरताना बघायला मिळेल का?

निवृत्त_गार्ड
रेक लागला असेल तर मिळेल, सध्या लाल कांद्याचा हंगाम आहे. निघायच्या आधी तिथल्या एखाद्या कांदा व्यापाऱ्याला फोन करून विचारा, त्यांना आधी कळतं. धक्क्यावर ट्रकची ये-जा असते, पोराचा हात सोडू नका.