माणूस गेला, काम राहिलं: तुमच्या घरी ते कोणाकडे आलं?

कपाट आवरताना आईची जुनी वही सापडली. बाबा परदेशी कामाला गेले त्या वर्षाची. डाव्या पानावर त्यांनी पाठवलेले पैसे, तारखेसकट. उजव्या पानावर मजुरी, खत, आमची फी. आईने स्वतः उपसलेल्या कामाची एक ओळ नाही. म्हणून हा धागा काढतेय. घरातलं कोणी कामासाठी बाहेर गेलं, किंवा आजारपण, मृत्यू, बुडालेलं पीक असं काही कोसळलं, तेव्हा कोणाच्या अंगावर काय पडलं? आठवणी लिहाच, पण कामं नावानिशी लिहा.

पहाटतारा
वडील परदेशी गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा. माणूस पहिल्या दिवशी जातो, पैसे मात्र पहिल्या दिवशी येत नाहीत, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे आठ महिने काहीच आलं नाही, एजंटसाठी काढलेलं कर्ज फिटत होतं. पाण्याची पाळी रात्री दोनला. आई दारं धरायची, म्हणजे फावड्याने पाणी वाफ्यावाफ्यात वळवायची, मी बॅटरी धरायचो. तिसऱ्या खेपेला फावडं माझ्या हातात आणि बॅटरी तिच्या, कारण तिची कंबर धरली होती. सकाळी पहिल्या तासाला मी बाकावर डोकं टेकून झोपलेला. पुढे पैसे नियमित यायला लागले तेव्हा आईने सगळ्यात आधी दारं धरायला गडी लावला. टीव्ही नंतर आला.

सांजवात
आमच्याकडे उलटं. पैसे सुरू झाले आणि सासूबाईंनी माझी रोजंदारी बंद करवली. लोक म्हणाले, सुख लागलं हिला. गुरं, शेत, सासऱ्यांचं पथ्यपाणी हे सगळं त्या सुखातच धरलेलं.

आकडेमोड
सांजवात, नेपाळमधल्या घरांच्या पाहणीतही हेच दिसलं होतं. पुरुष बाहेर गेले की मागे राहिलेल्या बायकांचं पगारी काम घटतं. पण पाहणीत 'मजुरीवर जाता का?' याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून बाई बसून आहे असं होत नाही.
पहाटताराच्या गड्यावरून फिलिपिन्स आठवलं. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात पेसो, म्हणजे तिथलं चलन, कोसळला आणि परदेशातल्या नातेवाइकांच्या कमाईचे घरी जास्त पेसो होऊ लागले. कोणाकडे किती जास्त, हे तो माणूस कुठल्या देशात होता त्यावर ठरलं. निव्वळ नशीब. ज्यांना जास्त लाभ झाला त्या घरांत मुलांचं शिक्षण वाढलं, कामाचे तास कमी झाले.

उंबरठा
आमच्याकडे कोणी गेलं नाही, उलट भाऊ परत आला. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि शहरातून पैसे पाठवणाराच शेतात उतरला. म्हणजे औषधांचा खर्च सुरू आणि वरकड पैसा बंद, एकाच आठवड्यात. आई वडिलांजवळ अडकली. एक अंथरुणाला खिळला की घरातून दोन माणसं वजा होतात, हे तेव्हा कळलं. आईच्या वाटचं सगळं धाकट्या बहिणीकडे आलं. तिला शाळेतून काढलं असं कोणी कधी म्हटलं नाही. आज दवाखाना, उद्या काढणी, परवा आईला ताप. परीक्षेच्या दिवशी ती नेहमीसारखी भांडी घासत होती. आम्हीही विचारलं नाही, तीही बोलली नाही. आज मी नोकरीत आहे आणि हे लिहायला मला वीस वर्षं लागली.

आकडेमोड
उंबरठा, विकायला किंवा गहाण टाकायला काही होतं का? टांझानियातल्या कागेरा भागात १९९० च्या दशकात घरांचा माग ठेवला होता. पीक बुडालं की मुलांचं काम वाढायचं, पण ज्यांच्याकडे मालमत्ता होती त्यांच्याकडे बरंच कमी.

उंबरठा
एक गाय होती. ती पहिल्या महिन्यातच गेली.

मागची खोली
परत येण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. यजमान पाच वर्षांनी आले. आल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा मागितला, मी काढून दिला. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून हाका मारायला लागले, मोटर का चालू होईना! स्टार्टर बदललेला, त्यांना कुठून माहीत. मग कुठल्या वाफ्यात काय पेरलंय ते विचारलं, कोणाची मजुरी बाकी ते विचारलं. चिडायचे, मग गप्प व्हायचे. मलाही वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू, थोडी गंमतही वाटायची. जुडगा आता त्यांच्याकडे असतो. मजुरांचे फोन अजून मला येतात.