मदत हवी आहे: घरखर्च सांभाळून आणखी किती कर्ज झेपेल?

नमस्कार. घराच्या दुरुस्तीसाठी आम्हाला कर्ज घ्यावे लागणार आहे आणि ते किती घ्यावे, हे येत्या काही आठवड्यांत ठरवायचे आहे. बँक आम्हाला किती कर्ज देऊ शकते, हे तिने स्वतःहून संदेश पाठवून कळवले आहे; आमच्या घराला किती झेपेल, याचे उत्तर मात्र मला हिशेबाची वही समोर ठेवूनही नीट काढता येत नाही. म्हणून सर्व आकडे येथे मांडत आहे.

आम्ही नाशिकला सिडकोतील एका रो-हाऊसमध्ये राहतो. घरात आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई आहेत. पती सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरीला असून त्यांचा पगार सर्व कपाती वजा जाता ५४,००० रुपये हाती येतो. मी खाजगी बालवाडीत शिकवते व मला १४,००० रुपये मिळतात, परंतु मे महिन्याचा पगार मिळत नाही. गृहकर्जाचा हप्ता १६,५०० रुपये असून त्याची अजून १५ वर्षे बाकी आहेत. दुचाकीच्या ३,४०० रुपयांच्या हप्त्याचे ९ महिने उरले आहेत. शिवाय कारखान्यातील पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे ५,८०० रुपये पगारातूनच कापले जातात आणि ते कर्ज १४ महिन्यांनी फिटेल. किराणा, दूध, भाजी व गॅस १५,०००, वीज, फोन आणि देखभाल ४,५००, मुलांची रिक्षा, शिकवणी व शाळेचा मासिक खर्च ९,०००, सासूबाईंची औषधे ३,५०० आणि पेट्रोल ३,००० असा दरमहा ३५,००० रुपये खर्च आहे. विम्याचे दोन हप्ते, जूनमधील पुस्तके-गणवेश-प्रवेशशुल्क आणि दिवाळी मिळून वर्षाला आणखी ८४,००० रुपये लागतात. मी २,००० रुपयांची भिशी लावली आहे. ती दिवाळीत संपते. अडीअडचणीसाठी १,२०,००० रुपयांची मुदत ठेव आहे.

गच्ची दोन पावसाळे गळत आहे आणि आता स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येऊ लागली आहे. ठेकेदाराने एकूण ४ लाख रुपयांचा अंदाज दिला आहे: गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा थर), कठड्याची दुरुस्ती व बाहेरच्या भिंतींच्या भेगा यांचे १,९०,०००, आणि आतील गिलावा, रंग, स्वयंपाकघराचा ओटा व फरशी यांचे २,१०,०००. बँक ९ लाखांपर्यंत वैयक्तिक कर्ज देण्यास तयार आहे. ४ लाखांना १३ टक्के दराने ५ वर्षांसाठी ९,१०१ रुपये हप्ता बसतो. एका वित्तकंपनीचा प्रतिनिधी ३ वर्षांसाठी ‘फक्त ८ टक्के फ्लॅट’ असे सांगून गेला. पतींचे म्हणणे असे की घर एकदा उकरले की सर्वच काम उरकून घ्यावे. मला त्यांचे म्हणणे पटते, परंतु त्या हप्त्याची धास्तीही वाटते. उत्पन्नाच्या किती टक्के हप्ते असावेत, असा काही भरवशाचा नियम आहे का? मुदत ठेव मोडून कर्ज कमी करणे शहाणपणाचे ठरेल का?

पहिला प्रतिसाद

ताई, टक्केवारीचा नियम आहे, परंतु भाजक, म्हणजे हिशेबात धरलेले उत्पन्न, बदलला की उत्तर बदलते, म्हणून आधी तेच तपासू. पतसंस्थेची कपात धरून आपले हप्ते आज २५,७०० रुपये आहेत. त्या कपातीपूर्वीचे दोघांचे उत्पन्न ७३,८०० रुपये धरले, तर हे प्रमाण सुमारे ३५ टक्के येते. केवळ पतींचे ५९,८०० रुपये धरले, तर ४३ टक्के. त्यात ९,१०१ रुपयांचा हप्ता मिळवला की पहिले प्रमाण ४७ टक्क्यांवर व दुसरे ५८ टक्क्यांवर जाते. बँका साधारणपणे ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातात. अल्प उत्पन्न गटासाठीच्या सूक्ष्म कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्के अशी परतफेडीची कमाल मर्यादाच घातली आहे. या सर्व मर्यादा कर्ज देणाऱ्याच्या बाजूने आखलेल्या आहेत. सासूबाईंची औषधे किंवा आपला न मिळणारा मे महिन्याचा पगार त्यांत कोठेही धरलेला नसतो.

म्हणून मी शिल्लक रकमेवरून हिशेब करतो. हाती येणारे ६८,००० रुपये. त्यातून घरखर्चाचे ३५,०००, वार्षिक खर्चाचा मासिक वाटा ७,००० आणि दोन हप्त्यांचे १९,९०० वजा केले, तर ६,१०० रुपये उरतात. मे महिन्याचा पगार नाही, म्हणजे आपले १४,००० रुपये बारा महिन्यांत विभागून सुमारे १२,८०० धरायला हवेत. त्यामुळे खरी शिल्लक ४,९०० रुपये होते. भिशी वजा जाता २,९०० रुपये राहतात. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर याच आकड्यात आहे: आज ९,१०० रुपयांचा हप्ता कोणत्याही प्रकारे बसत नाही, मग टक्केवारी काहीही सांगो.

दुचाकीचा हप्ता संपल्यावर ३,४०० आणि पुढे पतसंस्थेचे कर्ज फिटल्यावर ५,८०० रुपये मोकळे होतील. तेव्हा काम दोन टप्प्यांत करावे, असे मला वाटते. गच्ची व बाहेरच्या भिंती पावसाळ्यापूर्वी. ओटा, फरशी आणि रंग पतसंस्थेचे कर्ज फिटल्यानंतर. ओल पूर्ण सुकल्याशिवाय आतला रंग देऊही नये, त्यामुळे हा क्रम कामाच्या दृष्टीनेही योग्य आहे.

मुदत ठेव मोडू नये. घरखर्च आणि दोन हप्ते मिळून दरमहा ५४,९०० रुपये लागतात, म्हणजे ती ठेव जेमतेम दोन महिने पुरेल. तीच मोडली, तर पुढील आजारपण क्रेडिट कार्डावर जाईल आणि तेथे थकबाकीवर महिन्याला ३ टक्क्यांहून अधिक व्याज लागते.

दुसरा प्रतिसाद

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. कर्जाच्या प्रकाराविषयी थोडे लिहितो. ‘८ टक्के फ्लॅट’ म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लावले जाते. ३ वर्षांच्या कर्जाला हा दर घटत्या शिलकेच्या हिशेबाने साडेचौदा टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या बँकेच्या १३ टक्क्यांपेक्षाही महाग. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ हे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क व इतर आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तुलना त्याच दराची करावी. कर्जासोबत विमा घेण्याचा आग्रह झाला, तर त्याची रक्कम वेगळी विचारून घ्यावी.

आपले गृहकर्ज चालू आहे, तेव्हा त्यावर टॉप-अप, म्हणजे त्याच गृहकर्जावर वाढीव कर्ज, मिळते का ते पाहावे. दर ९ टक्के धरला, तर २ लाखांना ७ वर्षांसाठी सुमारे ३,२२० रुपये हप्ता येतो. भिशी दिवाळीत संपल्यावर पुन्हा लावली नाही, तर हा हप्ता आपल्या ४,९०० रुपयांत बसतो. तोपर्यंतचे काही महिने ओढाताणीचे जातील. मात्र मुदत गृहकर्जाइतकी लांबवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ४ लाख रुपये ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४,०५७ रुपयेच दिसतो, पण व्याज ३ लाख ३० हजारांवर जाते. तेच १३ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात ५ वर्षांत १ लाख ४६ हजार होते. टॉप-अप बदलत्या दराचे असेल, तर त्याची मुदतपूर्व फेड केल्यास व्यक्तिगत कर्जदाराला दंड लागत नाही. त्यामुळे दुचाकीचे ३,४०० रुपये मोकळे झाले की ते याच कर्जात भरत जावेत.

एक विचारायचे राहिले. पतसंस्थेत आपले पती कोणाला जामीन आहेत का? कर्जदाराने हप्ते थांबवले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली जामीनदाराकडूनही होऊ शकते. ती रक्कम आपल्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. शिलकेवरून मोजण्याची रीत पतींनाही लगेच पटली, कारण मे महिन्याचा पगार वर्षावर विभागून पाहण्याचे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. पती एका सहकाऱ्याला जामीन आहेत. त्याचे हप्ते आजवर नियमित कापले गेले आहेत, परंतु त्याचे किती कर्ज बाकी आहे, याची चौकशी ते या आठवड्यात पतसंस्थेत करणार आहेत. नवीन कोणालाही जामीन राहायचे नाही, हे आम्ही ठरवले आहे.

गच्चीचे काम आधी करायचे, असेही ठरले आहे. १,९०,००० रुपयांचेच टॉप-अप मागावे, की ठेकेदाराचा अंदाज वाढण्याची शक्यता धरून २ लाखांचे, एवढा प्रश्न उरतो. कोबा घातल्यानंतर पाणी साठवून चाचणी घेण्यासही वेळ लागेल, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू व्हायला हवे. टॉप-अपच्या मंजुरीला साधारण किती दिवस लागतात आणि घराची मूळ कागदपत्रे बँकेकडेच असताना आणखी कोणती कागदपत्रे मागितली जातात, हे ज्यांनी अलीकडे असे कर्ज घेतले आहे त्यांनी कृपया कळवावे.